वाचकांचे प्रश्न : ‘बरें जालें देवा’ असे कोणी कोणाला म्हणावे?

प्रश्न : माझे वय 57 आहे. 14 वर्षांपूर्वी मला संधिवात झाला. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड म्हणतात. बोटे वाकडी झाली आहेत आणि सकाळी उठल्यावर दोन तास तरी हातात चहाचा कप धरवत नाही. माझे माहेर आणि सासर दोन्ही माळकरी. आळंदी ते पंढरपूर अशी पायी वारी मी 11 वेळा केली, त्यातल्या शेवटच्या दोन वाऱ्या दुखणे अंगावर काढून केल्या. आता गावच्या देवळाच्या पायऱ्याही चढता येत नाहीत. माझे सगळे सूनबाई करते आणि तिची ओढाताण मला बघवत नाही.

भेटायला येणारे म्हणतात, “मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगूनच संपवायचे.” आमच्याकडे सप्ताहाला आलेल्या एका कीर्तनकारांनी मला सांगितले की देव ज्याला जवळ करतो त्यालाच दुःख देतो, आणि तुकोबांचा ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ हा अभंग रोज म्हणायला लावला. मी तो म्हणते, पण मला बरे झाले असे वाटत नाही. पहाटे दुखण्याने जाग येते तेव्हा मी भिंतीवरच्या विठोबाला तोंडाला येईल ते बोलते आणि दिवसभर मन खाते. जाऊबाईंचे म्हणणे असे की गोळ्या घेऊन दुखणे कमी केले तर उरलेला भोग पुढच्या जन्मी व्याजासकट फेडावा लागतो. हे खरे आहे का? या दुःखाला काही अर्थ आहे का? कधी कधी वाटते, आता पुरे.

— एक माळकरी भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात शेवटी विचारलेला प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्याच्याकडे मी यथावकाश येईन. गोळ्यांचा प्रश्न मात्र आजच निकाली काढला पाहिजे, कारण त्यात दिवस वाया गेले तर सांध्यांची झीज होते आणि झालेली झीज भरून येत नाही. तेव्हा गोळ्या घ्या. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत, त्यांनी सांगितलेल्या दिवशी, एकही न चुकवता घ्या. जाऊबाईंनी सांगितलेल्या व्याजाचा हिशेब मला कोणत्याही शास्त्रात आढळलेला नाही. आपल्याकडे कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग सांगतात. धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखे जे प्रारब्ध, त्याचेच नाव लोक तुमच्यापाशी घेतात. पण आज आपण जे करतो ते क्रियमाणही त्याच सिद्धांताचा भाग आहे, आणि वैद्याकडे जाणे, औषध घेणे, गरम पाण्याने शेकणे हे सारे क्रियमाणात येते. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आपल्या गुरूंना विचारतो की माणसाचे आयुष्य आधीच ठरलेले असते की नसते. आत्रेय त्याला दैव आणि पुरुषकार अशा दोहोंचे बलाबल समजावून सांगतात आणि म्हणतात की सगळेच ठरलेले असते तर औषधी, मणी, मंत्र यांच्या मागे कोणी लागलेच नसते. आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथातला हा विचार आहे, हे जाऊबाईंना अवश्य सांगा.

संतपुरुषांचे आचरण पाहिले तरी हेच दिसते. रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला तेव्हा कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार त्यांच्यावर उपचार करीत होते आणि रामकृष्ण ते उपचार घेत होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 साली कर्करोगानेच गेले. त्यांच्या आजारपणावरून त्यांच्या पापपुण्याचा झाडा कोणी मांडला नाही. तुमच्या आजारावरून तो मांडण्याचा अधिकारही कोणाला नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या शेवटच्या दोन शब्दांविषयी. ‘आता पुरे’ हे तुम्ही थकव्याने लिहिले असेल, पण असे विचार वारंवार येत असतील, झोप आणि भूक दोन्ही गेली असेल, तर सांध्यांच्या डॉक्टरांना हेही मोकळेपणाने सांगा. वर्षानुवर्षांच्या दुखण्याबरोबर मनाला उदासी घेरते आणि तिच्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो आणि तेथे मराठीत बोलता येते. नामस्मरणाने भागत असताना हे कशाला, असे कोणी म्हटले तर त्यांना हा स्तंभ दाखवा.

आता भोगांविषयी. कर्मसिद्धांत मी मानतो, म्हणूनच त्याचा असा वापर झालेला मला खपत नाही. कोणत्या कर्माचे कोणते फळ, हे सांगण्याची हिंमत गीताही करीत नाही. ‘गहना कर्मणो गतिः’ म्हणजे कर्माची गती गहन आहे, असे चौथ्या अध्यायात म्हटले आहे. जे भगवंताने गहन म्हटले ते आपल्या पाहुण्यांना चहा पिता पिता उलगडते, याचे नवल वाटते. आपल्या हातून यापुढे काय घडावे, याची सावधगिरी स्वतःपुरती बाळगण्यासाठी हा विचार उपयोगी पडतो. दुसऱ्याच्या अंथरुणापाशी उभे राहून त्याचा निकाल वाचून दाखवला की त्यात सांत्वन उरत नाही. बोलणाऱ्याची भीती तेवढी कमी होते, कारण ‘हिने काहीतरी केले असेल, मी केलेले नाही, म्हणून मला होणार नाही’ असा दिलासा तो स्वतःलाच देत असतो. ख्रिस्ती वाचकांना ईयोबाची कथा आठवेल. सर्वस्व गमावून, अंगभर फोड घेऊन राखेत बसलेल्या ईयोबाला त्याचे मित्र ‘तुझ्या हातून पाप घडले असले पाहिजे’ असे परोपरीने पटवतात. आणि अखेरीस देवाचा कोप होतो तो त्या मित्रांवर. देवाशी भांडलेला ईयोब योग्य बोलला, असा निवाडा देव स्वतः देतो.

यावरून तुमच्या पहाटेच्या बोलण्याकडे येतो. तुम्ही विठोबाला काय काय म्हणता ते लिहिलेले नाही, पण जनाबाईंच्या पुढे तुमची मजल गेली असेल असे मला वाटत नाही. ‘अरे विठ्या विठ्या । मूळ मायेच्या कारट्या’ असा आरंभ करून त्या देवाचे मढे काढण्यापर्यंत जातात आणि शेवटी ‘उभी राहूनि अंगणीं । शिव्या देत दासी जनी’ अशी आपली सही ठोकतात. दळता-कांडता देवाला मदतीला बोलावणाऱ्या जनाबाई त्याच आणि अंगणात उभ्या राहून त्याला शिव्या देणाऱ्याही त्याच. आपल्या परंपरेने हा अभंग लपवला नाही. तुकोबांनीही ‘माझे लेखीं देव मेला’ असे एकदा म्हणून टाकले आहे. ज्याच्याशी काही नाते उरलेले नाही त्याला पहाटे चार वाजता कोणी बोलत बसत नाही. दिवसभर मन खाण्याचे कारण मला दिसत नाही. हवे तर जनाबाईंचा तो अभंगच त्या वेळी म्हणा, म्हणजे संगत तरी चांगली मिळेल.

तुम्हाला रोज म्हणायला लावलेल्या अभंगाचे काय करायचे, हा तुमच्या पत्राचा गाभा आहे असे मला वाटते. ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ हे शब्द खरेच तुकोबांचे आहेत. 1630 च्या सुमारास दख्खनेत पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचे दुकान बुडाले, गुरेढोरे गेली, गावात पत गेली आणि पहिली पत्नी अन्नावाचून मेली. या सर्वाला ते ‘बरें जालें’ म्हणतात. मात्र हे वाक्य कोणी, कोणाविषयी आणि केव्हा उच्चारले ते नीट पाहा. स्वतःच्या दिवाळ्याविषयी, स्वतःच्या अपमानाविषयी, मागे वळून पाहताना, प्रत्यक्ष देवाशी बोलताना त्यांनी ते उच्चारले आहे. ‘बाईल मेली मुक्त झाली’ असेही ते म्हणून गेले आहेत आणि तो अभंग वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण तेही त्यांच्याच घराविषयी आहे. दुष्काळात बायको गमावलेल्या देहूतल्या दुसऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या दारात जाऊन ‘बरे झाले’ असे तुकोबा म्हणाले, असे कोणत्याही चरित्रकाराने लिहिलेले नाही. गाडगेबाबांची तशीच एक आठवण सांगतात. कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलत्या एका मुलाच्या मृत्यूची बातमी आली, आणि ‘असे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी’ असे म्हणून बाबांनी कीर्तन पुढे चालवले. दुसऱ्याच्या दुःखापाशी मात्र बाबांचे वागणे निराळे होते. तेथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या, आणि मुंबईत दादरला त्यांच्या नावाने चालणारी धर्मशाळा परगावहून उपचाराला आलेल्या कर्करुग्णांना आजही आसरा देते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की ‘बरें जालें’ हा उद्गार ज्याचा त्यानेच काढायचा असतो, कोणी तो दुसऱ्याच्या तोंडी घालू नये. तुमच्या मुखी तो कधी आपोआप आला तर येईल, न आला तर तुमची भक्ती उणी ठरत नाही. कीर्तनकारबुवांचा हेतू वाईट नसावा. तरीही तुम्हाला तो अभंग रोज म्हणण्याची गरज नाही.

त्याऐवजी तुकोबांचाच दुसरा एक अभंग मी तुमच्यापुढे ठेवतो. ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’ या चरणाने तो सुरू होतो. संतमंडळींनी तुकोबांना त्यांचे पूर्ववृत्त विचारले, तेव्हा ‘नये बोलों परि पाळिलें वचन’, म्हणजे बोलू नये पण तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो, असे म्हणून ते सांगू लागतात. तेव्हा हा अभंगही एका प्रश्नाचे उत्तरच आहे. आईवडील गेले, दुष्काळाने द्रव्य आणि मान दोन्ही नेले, ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’, जिवाला लाज वाटली, व्यवसायात तूट आली. इतके सांगून झाल्यावर आपल्याला वाटते की आता या साऱ्याचा अर्थ येईल, देवाने हे का केले ते तुकोबा सांगतील. पुढचा चरण असा आहे : ‘देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें’. घरचे विठोबाचे देऊळ पडले होते, ते दुरुस्त करावे असे मनात आले. एवढेच. त्यानंतर एकादशीचे कीर्तन सुरू केले, आधी चित्ताला अभ्यास नव्हता, म्हणून संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली, आणि ‘गाती पुढें त्यांचें धरावें धृपद’, पुढे उभे राहून गाणाऱ्यांच्या मागे धृपद धरले.

हा अभंग मी अनेक वर्षे वाचत आलो आहे, आणि दुःख कशासाठी आले या प्रश्नाचे उत्तर मला त्यात सापडलेले नाही. दुःख आल्यानंतर हाताला काय लागले ते मात्र त्यात क्रमाने सांगितले आहे, आणि ते फार छोटे आहे : पडकी भिंत, पाठ केलेले चार अभंग, मागच्या रांगेतले धृपद. ज्यांच्या नावाचा आज साऱ्या महाराष्ट्रात गजर होतो ते तुकोबा आरंभी टाळकऱ्यांच्या मागे उभे राहून दुसऱ्यांचे पालुपद म्हणत होते. तुम्ही मला अर्थाविषयी विचारलेत, तर श्रद्धेने मिळणारा अर्थ मी असाच पाहिला आहे; आधी कारण कळले आणि मग माणूस सावरला, असे माझ्या पाहण्यात नाही. काहीतरी धरून ठेवता ठेवता दिवस सरतात, आणि पुष्कळ नंतर, झालेच तर, त्या दिवसांना मागून काही आकार दिसतो. काहींना तो कधीच दिसत नाही, आणि त्यांची माळ काही कोणी काढून घेत नाही.

आता वारी होत नाही, हे तुमच्या पत्रावरून कळते. अकरा वाऱ्या पायी केलेल्या बाईला आषाढात घरी बसणे काय असते, याची मला थोडी कल्पना आहे. तुम्ही पंढरपुरात नामदेव पायरीपाशी नेहमी थांबला असाल; तिच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. ‘मज दूर दूर हो म्हणती । तुज भेटूं कवण्या रीती’ असे विचारणाऱ्या चोखोबांना हयातीत देवळाची पायरी चढता आली नाही, आणि मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून ते गेले. त्यांना माणसांनी अडवले होते, तुम्हाला दुखण्याने; दोन्ही सारखे आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्यांच्यावर झाला तो अन्याय होता. तरी इतके खरे की वारकऱ्यांच्या मोठ्या संतांपैकी एकाने सारे आयुष्य देवळाबाहेर राहून भक्ती केली. बाहेर राहिलेल्याची भक्ती दुय्यम, असे या पंथात म्हणता येत नाही.

आता सूनबाईंविषयी. पंढरपूरचा सगळा पसारा ज्या गोष्टीवर उभा आहे, तीत देव दाराशी येतो तेव्हा पुंडलिक आईवडिलांची सेवा करीत असतो. तो उठत नाही, वीट फेकतो आणि देव तिच्यावर उभा राहतो. आपण नेहमी पुंडलिकाचे कौतुक करतो. पलंगावर पडून पाय चेपून घेणाऱ्या त्याच्या आईवडिलांना काय वाटत असेल, हे मात्र कोणी विचारत नाही. कदाचित त्यांनाही तुमच्यासारखेच ओशाळे वाटत असेल, ‘पोरा, जा, देव खोळंबलाय’ असे त्यांनी म्हटलेही असेल. पण त्यांनी सेवा घेतलीच नसती तर ती वीट फेकली गेली नसती. करून घेणे ही सोपी गोष्ट नाही, विशेषतः आयुष्यभर दुसऱ्यांचे करीत आलेल्या बाईला. तरी ती करता येण्याजोगी आहे. सूनबाईला महिन्यातून दोन-तीन दिवस माहेरी किंवा तिला हवे तिथे जाऊ द्या, त्या दिवसांत मुलाने तुमचे करावे. पुंडलिक मुलगा होता, सून नव्हता, याची त्याला आठवण करून द्यायला हरकत नाही.

राहिला हरिपाठ. तुमच्या दिंडीतल्या ज्या मैत्रिणी अजून चालतात, त्यांच्यापैकी एकीला सांगून ठेवा की संध्याकाळी हरिपाठाला बसताना तुम्हाला फोन लावावा आणि तो समोर ठेवून द्यावा. सगळे म्हणणे जमणार नाही, टाळ धरवणार नाही, एखाद्या दिवशी आवाजही फुटणार नाही. त्या पुढे म्हणतील, तुम्ही धृपद धरा.

प्रश्न : माझे वडील कंपवाताने सहा वर्षे आजारी होते आणि गेल्या वर्षी वारले. ते बरे व्हावेत म्हणून आईने तुळजाभवानीला नवस बोलला होता. नवस फळला नाही. आता आईला वाटते की आपली श्रद्धा कमी पडली, आणि नवस फेडला नाही तर अजून काही विपरीत होईल. मी नोकरीसाठी परदेशात आहे आणि माझा या गोष्टींवर फारसा विश्वास नाही. तिला काय सांगू?

— एक वाचक

उत्तर : व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर नवस ही अट असते, आणि अट पुरी झाली नाही तर देणे उरत नाही. एवढ्याने आईचे समाधान व्हावे, पण होणार नाही, कारण तिची भीती हिशेबातून आलेली नाही. सहा वर्षे नवऱ्याचा थरथरता हात धरून त्याला घास भरवल्यानंतर तो गेला, आणि आता तिच्या हातांना काम उरलेले नाही. त्या रिकामेपणात माणूस स्वतःचा दोष शोधतो, कारण दोष सापडला की निदान काही कारण तरी सापडल्यासारखे वाटते. श्रद्धा कमी पडली म्हणून माणूस मरत नाही. कंपवात हा मेंदूतल्या पेशी हळूहळू निकामी होत जाण्याचा विकार आहे, औषधांनी त्याची लक्षणे काही काळ आटोक्यात राहतात, पण तो मुळापासून बरा करणारा उपचार अजून कोणाकडे नाही. हे तिला घरच्या डॉक्टरांकडून ऐकवा. तुमच्याकडून ऐकले तर तिला तो तुमचा अविश्वास वाटेल. नवसाला देव पावतो या समजुतीची तर तुकोबांनी ‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती’ अशी उघड थट्टा केली आहे, पण ती थट्टा आज आईपुढे करू नका.

तुमचा विश्वास नसला तरी पुढच्या सुट्टीत आल्यावर तिला तुळजापूरला घेऊन जा. नवरात्र आणि मंगळवार-शुक्रवारची गर्दी टाळा, म्हणजे तिला धक्काबुक्की होणार नाही. नवस फेडायला जात आहोत असे म्हणू नका, ओटी भरायला जात आहोत असे म्हणा. पायऱ्या पुष्कळ आहेत. उतरताना तिचा हात धरा आणि वर येताना मध्ये दोनदा बसा. सहा वर्षांत ती कशी जगली हे तुम्ही दूर असल्यामुळे तिने तुम्हाला बहुधा पुरते सांगितलेले नाही. त्या पायऱ्यांवर बसली म्हणजे सांगेल.